अंतरपाटाच्या आधी

रजतनं समीक्षाला लग्न लागायच्या आधी पाहायचं की नाही, यावर लग्नाच्या दिवशी सकाळी आमच्या घरात बैठक बसली. तिच्यात समीक्षा नव्हती. ती माझ्या खोलीत पंख्याखाली बसली होती. दोन्ही हात अंगापासून लांब धरलेले, कारण हात कुठे टेकले की आग व्हायची.

समीक्षा माझी नणंद. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, बोलकी, कॉलेजात कबड्डी खेळलेली. त्या सकाळी तिचा एक डोळा पूर्ण मिटला होता आणि दुसऱ्याची चीर उरली होती. गाल, हनुवटी, गळा, दोन्ही हात कोपरापर्यंत लालभडक, आणि त्यावर पाण्यानं भरलेले फोड. काही फुटून त्यांच्या कडा काळ्या पडल्या होत्या.

बिबा उतला होता.

आमच्या घरात हळदीला नजर लागू नये म्हणून काळ्या दोऱ्यात बिबे ओवून तो दोरा हळदीच्या पातेल्याला बांधतात. बिबे एरवी जुने, वाळून खडे झालेले असतात. या वेळी माझ्या सासूबाईंनी उकव्याच्या जंगलाकडच्या एका बाईकडून ताजे मागवले. एकुलत्या पोरीचं लग्न, जुने कशाला बांधायचे? हळद आमच्याकडे तेलात कोमट करून लावतात. त्यांनी पातेलं दोऱ्यासकट गॅसवर ठेवलं. तापलेला बिबा तेल सोडतो, आणि ते तेल ज्याला सोसत नाही त्याची कातडी उतते. सगळ्यांची उतत नाही. सासूबाईंच्या हातांना काही झालं नाही. माझी बोटं नुसती खाजली. समीक्षाला तर पाच सवाष्णींनी तोंडभर, हातभर हळद चोळली होती. ईराला, माझ्या लेकीला, मी हळदीच्या जवळ नेलंच नव्हतं. तिला साध्या पावडरनंही पुरळ येतं. दोऱ्याखालून पातेल्यात उतरलेली बिब्याची काळी रेघ मी हळदीच्या दुसऱ्या दिवशी पातेलं घासताना पाहिली. तोपर्यंत समीक्षा गाल खाजवायला लागली होती.

डॉक्टरकडे न्यायला सासऱ्यांनी नकार दिला. हळद लागलेली पोर उंबरा ओलांडत नाही, हे एक. दवाखान्यात चार ओळखीचे भेटतील, हे दुसरं आणि खरं. मग माझ्या नवऱ्यानं, कुशलनं, डॉक्टरांना फोनवर फोटो दाखवला. इंजेक्शन द्यायला कंपाउंडर घरी आला. उतरेल म्हणाले डॉक्टर, पण दोन-तीन आठवडे जातील. डाग राहील का, हे आत्ता सांगता येत नाही.

लग्न संध्याकाळी सातला होतं.

"रिवाज काय हाय?" सासरे म्हणाले. प्रेमलाल त्यांचं नाव, तहसीलीतून रिटायर झालेले, बोलताना अजून टेबलावर बोट ठेवतात. "अंतरपाट पडेपर्यंत नवरदेवानं नवरीचं तोंड पाहायचं नाही. आपण रिवाजच पाळून राह्यलो. यात लपवलं काय?"

"पण अंतरपाट पडल्यावर दिसनच ना, बाबूजी," कुशल म्हणाला.

"तोपर्यंत अक्षदा पडल्या राहतीन. अक्षदा पडल्यावर कोणाची बरात वापस जाते? सांग."

सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मैनाबाई त्यांचं नाव; आख्ख्या मोहल्ल्यात लग्नकार्याची हळद त्यांच्याच हातची. दोन दिवसांत त्यांनी पातेल्याचा विषय काढला नव्हता, आणि दुसऱ्या कुणाचीही काढायची हिंमत नव्हती.

"पदर नाकापर्यंत घ्या तिचा," सासरे मला म्हणाले. "वरून मुंडावळ्या राहतातच. आणि सूनबाई, फोन-बिन काही नाही. समजलं ना?"

ते माझ्याकडे बघून म्हणाले, कारण रजत आणि समीक्षाचं साखरपुड्यानंतर फोनवर बोलणं व्हायचं ते माझ्या खोलीतून. मी हो म्हटलं. ईरा कडेवर रडत होती, त्या निमित्तानं उठले.

खोलीत गेले तर समीक्षाला सगळं ऐकू गेलं होतं. पातळ दार आहे.

"वहिनी," ती म्हणाली. ओठ सुजल्यामुळे शब्द जाड येत होते. "मले त्याले दाखवायचं हाय. आधी."

"फोटो पाठवू?"

"फोटो नको. फोटो दहा मिनटांत त्याईच्या फॅमिली ग्रुपवर जाईन. त्यानं येऊन पाहावं. अन् जायचं असन तर जावं."

"आणि गेला तर?"

"तर गेला." मग म्हणाली, "वहिनी, मी तिथं जन्मभर राहीन. रोज त्याची आई म्हणन, तोंड झाकून आणलं होतं तुले. म्हणन का नाही?"

म्हणेल, हे मला माहीत होतं. रजतची आई भरवेलीच्या खाणीच्या कॉलनीत राहते. तिला मी साखरपुड्यात पाहिलं होतं. समीक्षाला तिनं उन्हात उभं करून बघितलं होतं, साडीचा रंग पारखतात तसं.

मी लगेच हो म्हटलं नाही, हे खरं सांगते. ईराला भरवता भरवता विचार करत राहिले. बरात परत गेली तर या घरात तिचं कारण मी असणार. सासरे तोंडावर बोलणार नाहीत, पण ईराच्या लग्नापर्यंत विसरणारही नाहीत. आणि बरात परत गेलेल्या समीक्षाला मग कोण विचारणार, हेही होतंच. दुसऱ्या बाजूला तिचं ते वाक्य होतं. तिला रात्री तिकडं पाठवून मी इकडे झोपणार, आणि तिथं रोज सकाळी कुणीतरी तिला ते ऐकवणार.

ईरानं वरण थुंकलं. तिचं तोंड पुसलं आणि फोन घेतला.

रजतला लिहिलं: मारुतीच्या दर्शनाला याल तेव्हा देवळामागच्या गल्लीत या. आमचं मागचं दार आहे. समीक्षाला भेटायचं आहे. एकटे या.

आमच्याकडे नवरदेव मांडवात यायच्या आधी गावच्या मारुतीला जातो. मारुतीचं देऊळ आमच्या परसाला लागूनच आहे. बरात पलीकडच्या शाळेत उतरणार होती. तिथून देवळात येताना त्याच्याबरोबर फार तर दोन-चार पोरं असतात.

तो आला. धुळीचा, तापलेला वारा सुटला होता. मी मागचं दार लोटून उभी होते, ईरा खांद्यावर झोपलेली. त्याच्या अंगात शेरवानी, डोक्याला बाशिंग, हातात कट्यार आणि तिच्या टोकाला लिंबू. घामानं थबथबला होता. दोस्तांना चुलत बहिणीकडून पाणी पिऊन येतो असं काहीतरी सांगून आला होता.

"क्या हुआ भाभी? सब ठीक?" हसत म्हणाला. त्याला थट्टा वाटली होती, नवरीच्या मैत्रिणींनी केलेली.

समीक्षा परसातल्या न्हाणीच्या आडोशाला उभी होती. मी तिला सांगितलं होतं, हळूहळू पदर काढ. तिनं एकदम काढला.

त्याचं हसू जायला वेळ लागला. तोंडावर तसंच राहिलं आणि डोळ्यांतून आधी गेलं.

"हे..." तो म्हणाला. "हे काय झालं?"

"बिबा उतला. हळदीत मिसळला," मी म्हटलं. "डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आहे. दोन-तीन आठवड्यांत जाईल म्हणतात."

"दुखते काय?" हे त्यानं तिला विचारलं. आणि त्या क्षणी मला तो बरा वाटला, फार बरा.

"खाजते," समीक्षा म्हणाली. "आग होते."

"जाईन ना पण?"

"डॉक्टर जाईन म्हणते."

"अन् नाही गेलं तर?"

"तेच विचाराले बलावलं तुमाले."

देवळातली घंटा कुणीतरी दोनदा वाजवली. त्याचे दोस्त असावेत. रजतनं कट्यार या हातातून त्या हातात घेतली. तिच्याकडे बघितलं, खाली बघितलं, परत तिच्याकडे बघितलं. मी त्याचं तोंड बघत होते. माणूस खोटं बोलताना कसा दिसतो ते मला ओळखता येतं असं मला वाटायचं. त्या दुपारी तो खोटं बोलत नव्हता. आजही तसंच वाटतं.

"मी येतो मांडवात," तो म्हणाला. "पक्का."

"तुमच्या आई?" मी विचारलं.

"आईले मी सांगतो ना. वो मेरे पे छोड़ दो, भाभी. आत्ता जाऊन सांगतो." मग समीक्षाला म्हणाला, "तू टेन्शन नको घेऊ. तेल-बिल लाव."

तो गेल्यावर समीक्षा हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा. खालचा ओठ फुटून हनुवटीवर रक्त आलं. मी पुसायला गेले तर म्हणाली, "राहू द्या वहिनी. तेल-बिल लाव म्हणे! पाह्यलं काय त्याचं तोंड? लिंबू पडलं असतं कट्यारीचं."

संध्याकाळी मी तिला तयार केलं. मेकअपवाल्या पोरीला सासऱ्यांनी आधीच कळवून टाकलं होतं, येऊ नको. फोडांवर मलम, त्यावर मऊ जुनी ओढणी, त्यावर साडीचा पदर. हातात चुडा चढेना, तेव्हा सासूबाई आत आल्या आणि चुडा ताटलीत तसाच ठेवून, पोरीच्या हाताला न शिवता, बाहेर गेल्या.

"वहिनी, सांगितलं असन ना त्यानं?" समीक्षानं विचारलं.

"सांगितलं असेल," मी म्हटलं. बरात वाजतगाजत येत होती. रजतची आई बायकांत पुढे नाचत होती. ते बघून मला वाटलं, सांगितलं, आणि तिनं मानलं. दुसरंही काही वाटायला हवं होतं.

मंगलाष्टकं सुरू झाली. दोघं समोरासमोर, मध्ये अंतरपाट. मी समीक्षाच्या मागं, ईराला घेऊन. सगळे अक्षता टाकत होते. ईरालाही मी दोन दाणे दिले, तिनं तोंडात घातले, बोटानं काढले. सासरे खांबापाशी उभे होते आणि ओठ हलवत मोजल्यासारखं काहीतरी म्हणत होते. शेवटचं कडवं झालं, बँड वाजला, अंतरपाट उत्तरेला ओढला गेला.

रजतनं हार उचलला. त्याच वेळी वारा आला की समीक्षानं मान वर केली, कोण जाणे. पदर घसरला. मांडवातला तो पांढरा लाइट सरळ तिच्या तोंडावर पडला.

"माय वो!" रजतची आई किंचाळली. "हे काय उभं केलं? हे कोण हाय?"

बँड एकेक वाद्य करत थांबला.

"समीक्षाच आहे, विहीणबाई," कुशल पुढे झाला. "जरा ॲलर्जी—"

"ॲलर्जी? महारोग झाल्यावानी दिसून राह्यली अन् ॲलर्जी म्हणता? तोंड झाकून लगन लावता? आमाले अंधे समजता काय?" तिनं रजतच्या हातातला हार ओढून घेतला. "काहून रे, तुले मालूम होतं हे?"

सगळा मांडव त्याच्याकडे बघायला लागला.

मी पण. ईराचा पाय माझ्या मुठीत होता आणि तो मी आवळत होते. आता म्हणेल, मला वाटलं. हो म्हणेल. एवढंच तर म्हणायचं होतं.

"नाही," रजत म्हणाला. "मले काय मालूम."

मी तोंड उघडलं. पहिला शब्द बाहेर पडला असेल-नसेल, तेवढ्यात समीक्षानं मागं हात करून माझी साडी धरली. घट्ट. मान वळवली नाही. तिची ती एक उघडी चीर रजतवर होती. मला आधी वाटलं, भांडण वाढू नये म्हणून मला थांबवते आहे. तसं नव्हतं. ती त्याला वेळ देत होती. माझ्या तोंडून निघालेलं तिला नको होतं.

वेळ बराच मिळाला त्याला. त्याची आई बोलत होती, काका बोलत होते, कुणीतरी खुर्ची आपटली. तो पाटावर उभा होता, कट्यारीचं टोक बोटानं चाचपत. समीक्षाकडे त्यानं एकदाही बघितलं नाही. थोड्या वेळानं माझी साडी सुटली.

पुढे मोठ्यांनी सांभाळलं. कुशलनं डॉक्टरांना फोन लावून स्पीकरवर ठेवला आणि मांडवभर डॉक्टरांचा आवाज घुमला: हा संसर्ग नाही, हा रोग नाही, बिब्याचा परिणाम आहे, बरं होईल. काकांना पटलं. रजतच्या आईला अर्धं पटलं.

"बिबा आला कुठून पण? तुमी मुद्दाम लपवलं का नाही?" ती म्हणाली. "दोन दिवस माहीत होतं तुमाले."

सासरे काही बोलायच्या आत सासूबाई पुढे झाल्या. मैनाबाई, ज्यांनी कधी कुणासमोर आवाज खाली केला नव्हता. त्या खाली बसल्या आणि विहिणीच्या पायांवर डोकं टेकलं, मांडवातल्या धुळीत.

"माह्याच हातचं हाय, बाई. म्याच बिबे बांधले. म्याच गरम केलं. पोरीचा काही दोष नाही. मले काय बोलायचं ते बोला."

दोन दिवसांत पहिल्यांदा त्या हे बोलल्या. पाचशे माणसांसमोर.

रजतच्या आईनं त्यांना उठवलं नाही. थोडा वेळ तसंच ठेवलं. मग म्हणाली, "उठा आता. मुहूर्त चालला."

म्हणजे ठरलं. भटजींनी हार सरळ केले. बँडवाल्यांनी एकमेकांकडे बघितलं. समीक्षाला कुणी काही विचारलं नव्हतं. मी तिच्या कानाशी गेले.

"समीक्षा, घालायचा आहे हार? नाही म्हण. मी आहे."

तिच्या गळ्यावरच्या फोडांना मलमाचा वास येत होता. ती आईकडे बघत होती. सासूबाईंच्या कपाळाला माती लागली होती आणि ती पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"आईले पाया पडवलं, वहिनी," ती म्हणाली. "आता नाही कशी म्हणू?"

तिनं हार घातला. रजतनं घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, जरा जोरातच.

त्या रात्री पाठवणीनंतर सासरे मला एवढंच म्हणाले, "पाह्यलं? अक्षदा पडल्या होत्या म्हणून निभलं." मी मान हलवली.

राखीला समीक्षा आली, रजत सोबत. तोंड निवळलं होतं. जबड्याच्या खाली तेवढा एक डाग, तपकिरी, नखाएवढा. सासूबाईंनी तिची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली आणि डोळ्यांना पदर लावला. जेवायला पाहुणे होते, गोंदियाचे मामा, शेजारचे. पंगतीत लग्नाचा विषय निघणारच होता.

"मी तर आधीच पाह्यलं होतं इले," रजत म्हणाला. पुरी तोडत, सहज. "भाभीनं दाखवलं, दुपारीच. मी म्हटलं, आपण काय चेहऱ्याशी लगन करून राह्यलो?"

"काय सांगता!" मामा म्हणाले.

"मंग! आईले बी सांगितलं मी. थोडी चिडली, पण मानली. आपला माणूस म्हटल्यावर उभं राहाच लागते ना."

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता फोनचं निघणार. पण त्यांचा चेहरा फुलला. "सूनबाई, हे तर तू सांगितलंच नाही! वा!" आणि पाहुण्यांना म्हणाले, "पाहा, असे पोरं भेटत नाही आजकाल." सासूबाईंनी बसल्या जागेवरून जावयाला हात जोडले.

मी समीक्षाकडे बघितलं. ती वाढत होती. "कढी घेता काय?" तिनं त्याला विचारलं आणि घातली.

नंतर ती आत भांडी ठेवायला आली तेव्हा मी दार लोटलं. "तू बोलत का नाहीस?" मी म्हटलं. "मी बोलू? मी तिथंच उभी होते."

"काय बोलसान?"

"खरं."

समीक्षानं ताटातलं उष्टं एका पातेल्यात काढलं, नीट, बोटानं निपटून.

"वहिनी, पहिल्यांदा त्यानं कॉलनीत कोणाले तरी असं सांगितलं तेव्हा मी रात्री विचारलं त्याले. म्हटलं, तुमी तर नाही म्हटलं होतं. तो पाहतच राह्यला. म्हणे, मी कधी नाही म्हटलं? म्हणे, गडबडीत तुले ऐकू नाही आलं. खोटं नाही बोलून राह्यला तो. त्याले तसंच आठवते आता. त्याच्या आईलेही. ती बायांना सांगते, माह्या पोरानं भर मांडवात सांगितलं म्हणून."

"आणि तुला?"

बाहेरून रजतनं हाक मारली. पाणी हवं होतं. ईरा रांगत रांगत उंबऱ्यापाशी आली होती. समीक्षानं तिला उचलून माझ्याकडे दिलं.

"मले आठवते," ती म्हणाली. "म्हणून तर रोज ऐकून घेते. दोघं-तिघं मिळून तेच ते सांगत राह्यले ना वहिनी, तर भेव वाटते, मलेही एखाद्या दिवशी तसंच आठवन."

तिनं माठातून लोटा भरला, बाहेरून पदरानं पुसला आणि पाणी द्यायला गेली. त्यानं काहीतरी म्हटलं, पंगत हसली. तीही हसली. मी दाराच्या फटीतून बघत राहिले, ती किती वेळ हसते ते.